पुराचे फोटो काढा, पण घरातून, आणि खाली वेळ-जागा लिहून

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय. बडोद्यात पावसाळा म्हणजे विश्वामित्री, आणि विश्वामित्री वाढली की सगळ्यांच्या हातात मोबाइल, हे आता ठरलेलंच आहे. गेली काही वर्षं बघतेय, पाणी चढायला लागलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता ढीग पडतो, त्यातले निम्मे कुठले ते कळत नाही, कधीचे ते कळत नाही, आणि ज्याला खरंच जाणून घ्यायचंय की खालची गाडी आत्ता हलवायची की अजून तासभर वेळ आहे, त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. फोटो काढू नका असं सांगायला नाही, उलट काढाच, ज्याचं घर नदीच्या जवळ आहे त्या प्रत्येकाने काढावेत, फक्त घरातून काढावेत, दरवेळी त्याच जागेवरून काढावेत आणि खाली तारीख, वेळ, जागा लिहावी. आणि आपल्या पेपरने ते मागवून घ्यावेत, छापावेत आणि नीट जपून ठेवावेत एवढी विनंती आहे.

आपले बरेच वाचक पुण्या-मुंबईकडचे असतात म्हणून थोडं सांगते, बडोदेकरांना हे पाठच आहे. विश्वामित्री पावागढाच्या डोंगरात उगम पावते, वळणं घेत घेत शहराच्या बरोब्बर मधून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. एरवी बघाल तर ही नदी आहे की नाला असा प्रश्न पडावा इतकी बारीक, दोन्ही बाजूंना मातीची कोतरं, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी, झाडी, आणि पाण्यात मगरी. शहराच्या वरच्या अंगाला आजवा तलाव आहे, सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला, त्यालाच सयाजी सरोवर म्हणतात. त्याच भागात प्रतापपुरा तलाव. हे भरले की तिथलं पाणी नदीत येतं आणि मग काही तासांनी शहरात पोचतं. म्हणजे गंमत अशी नाही, संकट असं की आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबतो, ऊनसुद्धा पडतं कधी कधी, आणि तरी नदी चढतच राहते. ज्याला हे माहीत नसतं तो पाऊस थांबला म्हणून निर्धास्त होतो आणि नेमका तिथेच फसतो.

नदीची पातळी मोजायची ती काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी, काळा घोडा म्हणजे सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा. धोक्याची पातळी 26 फूट. महानगरपालिकेकडून आकडे येत राहतात, टीव्हीवर येतात, मोबाइलवर येतात, 18 झाली, 21 झाली, आजवा इतका झाला. आकडे चांगलेच आहेत, त्यांच्याशिवाय चालणारच नाही. पण काळ्या घोड्याला 24 फूट म्हणजे माझ्या दारात किती? समा, फतेहगंज, सयाजीगंजातला परशुराम भठ्ठा, अकोटा, मुजमहुडा, वडसर, प्रत्येक भागाचा हिशोब वेगळा. कुणाच्या अंगणात 22 लाच पाणी येतं आणि कुणाला 30 पर्यंत कळतही नाही की पूर आलाय. हा हिशोब कुठल्याही नकाशात तुम्हाला गल्लीगल्लीप्रमाणे मिळणार नाही, तो फक्त तिथे राहणाऱ्या माणसाकडे असतो, आणि तोही डोक्यात, आणि डोक्यातला हिशोब दोन पावसाळे गेले की धूसर होतो. फोटो असेल, आणि त्यावर वेळ असेल, तर तो त्या वेळच्या काळ्या घोड्याच्या आकड्याशी जुळवता येतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

आमच्याकडचं सांगते. आमची सोसायटी नदीपासून जवळ आहे पण नदी समोरून दिसत नाही, मधे दोन ओळी बंगल्यांच्या आहेत आणि मागच्या बाजूने कांस जाते, कांस म्हणजे पावसाच्या पाण्याचा मोठा नाला. आमच्याकडे पाणी नदीकडून येतच नाही, ते मागून येतं. नदी भरली की कांसेतलं पाणी नदीत जायचं थांबतं, मग ते उलटं फिरतं, आणि सगळ्यात आधी मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी जायला जे चौकोनी भोक ठेवलंय तिथून आत यायला लागतं. आधी नुसती ओल, मग एक पातळ ओहोळ, त्याच्यावर सुकी पानं आणि थर्माकोलचे तुकडे, आणि नीट बघितलं तर ती पानं बाहेर जात नसतात, आत येत असतात. हा क्षण महत्त्वाचा. समोरचा रस्ता तेव्हा कोरडा असतो, दुधवाला येऊन गेलेला असतो, लोक म्हणत असतात काही नाही हो, एवढा पाऊस तर दरवर्षी होतो. मी मागच्या गॅलरीत उभी राहून त्या भोकाचा फोटो काढते. अगदी कंटाळवाणा फोटो आहे तो, कुणी लाइक करणार नाही, एक भिंत, एक भोक, शेजारी पार्किंगचा खांब आणि खांबावरची लाइटच्या मीटरची पेटी. पण आमच्या चाळीसेक घरांसाठी त्याच्यापेक्षा कामाचा फोटो दुसरा नाही, कारण ते पाणी पेटीच्या खालच्या कडेला टेकायच्या आत मेन स्विच बंद व्हायला पाहिजे.

2024 ला गोकुळाष्टमीच्या दिवशी, 26 ऑगस्टला, जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर पावसाचा जोर कमी झाला आणि नदी मात्र चढतच गेली, 35 फुटांच्याही वर गेली, अर्धं शहर पाण्यात होतं. गणपती अकरा दिवसांवर आलेले, मांडव घालायला घेतलेले. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका-काकू आधी वर यायला तयार नव्हते. त्यांना मी माझ्या मोबाइलवर एकाखाली एक फोटो दाखवले, त्याच खांबाचे, तासातासाचे. पाऊस नव्हता आणि खांबावरचं पाणी वर सरकत होतं हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, मग काही बोलावं लागलं नाही, काकूंनी आधी देव उचलले आणि मग औषधांची पिशवी. बाकी सामान आम्ही मुलांनी मिळून वर नेलं. फ्रिज राहिला तो राहिलाच. नंतर लाइट गेली ती लवकर आली नाही, आणि तेव्हा लक्षात येतं की मोबाइलची बॅटरी ही फोटोंपेक्षा फोनसाठी लागते. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, एक फोटो तासाला, पुष्कळ झाला. व्हिडिओ करत बसू नका, चार-पाच तास लागोपाठ व्हिडिओ काढलेला माणूस रात्री बोटवाल्यांना फोन कशावरून लावणार?

आता जागेबद्दल. पूर बघायला पुलावर जाणं हे जे चाललंय ते बंद झालं पाहिजे, आणि याबाबतीत पेपरवाल्यांनीही थोडा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. पुलाच्या कठड्यावर वाकून काढलेला गढूळ पाण्याचा फोटो पहिल्या पानावर छापला की दुसऱ्या दिवशी त्याच कठड्यावर पन्नास पोरं उभी असतात, कडेवर लहान मुलं घेऊन आलेली माणसंही मी बघितलीत. पुराचं पाणी गुडघ्याएवढंच असलं तरी वाहतं असेल तर माणसाचे पाय उचलतं, दोन फूट वाहत्या पाण्यात मोटार तरंगायला लागते. नदीकाठची कोतरं मातीची आहेत, वरून घट्ट दिसतात आणि खालून पाण्याने पोखरलेली असतात, तिथे उभं राहून फोटो काढणाऱ्याला खालची जमीन दिसतच नाही. रस्त्यावरच्या गटारांची झाकणं निघालेली असतात. लाइटच्या डीपीजवळच्या पाण्यात करंट असू शकतो. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं पण हातात मोबाइल आला की एक पाऊल पुढे जातंच.

आणि मगरी. बडोद्याच्या बाहेरच्या लोकांना ही थट्टा वाटते, पण शहरातून जाणाऱ्या नदीत 2025 च्या मोजणीत चारशेच्या वर मगरी भरल्या. बिचाऱ्या शतकानुशतकं इथेच राहतायत, आपण त्यांच्या काठावर घरं बांधली. पुराचा मुख्य ओढा इतका जोराचा असतो की मगरीलासुद्धा तो नको असतो, ती शांत पाणी शोधत बाजूला येते, आणि शांत पाणी कुठे असतं, तर सोसायटीच्या पार्किंगमधे, बागेत, मैदानावर. 2024 ला पूर ओसरताना वस्तीतून कितीतरी मगरी पकडून सोडल्या, अकोट्याच्या भागात एक घराच्या पत्र्यावर बसलेली सगळ्या देशाने बघितली. पाण्यात ती लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसते हे खरं आहे, पण एक फरक आहे, ओंडका पाण्याबरोबर जातो आणि मगर नाही जात. जलपर्णीचे पुंजके वाहत जातायत आणि मधेच एक काळपट लांब वस्तू जागच्या जागी आहे असं दिसलं तर फोटो झूम करून घरातूनच काढा, वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेच्या पोरांना लोकेशन पाठवा, आणि खाली उतरू नका. मगर ही 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, तिला दगड मारणं, दोरी टाकणं, तिच्याबरोबर सेल्फी घेणं हा पोरखेळ नाही. पाऊस सुरू होतो त्याच सुमाराला अंड्यातून पिल्लं बाहेर आलेली असतात आणि आई जवळपास असते हेही लक्षात ठेवायला हवं.

फोटो कसा काढावा याबद्दल जे मला इतक्या वर्षांत समजलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. पहिलं म्हणजे मे महिन्यातच एक कोरडा फोटो काढून ठेवा. ज्या गॅलरीतून, ज्या खिडकीतून पुढे पूर दिसणार आहे तिथूनच, सगळं सुकं असताना. तो नसेल तर पुराच्या फोटोत पाणी किती आहे ते बाहेरच्या माणसाला कळतच नाही, त्याला काय माहीत की त्या पाण्याखाली तीन पायऱ्या आणि तुळशीवृंदावन आहे. दुसरं, फोटोत एक न हलणारी वस्तू हवीच, खांब, गेट, भिंतीवरचा पाइप, पायऱ्या, आणि शक्य असेल तर उन्हाळ्यातच त्या खांबावर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या रेघा मारून घ्या, सोसायटीच्या मीटिंगमधे कुणी नाही म्हणणार नाही. झाड चालत नाही, फांद्या हलतात. उभी केलेली गाडी तर अजिबात नाही, ती तरंगून दुसरीकडे जाते.

झूम करून काढलेला फोटो फसवतो. लांबून झूम केला की मागची नदी आणि पुढचं घर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, बघणाऱ्याला वाटतं पाणी दारात आलंय. आणि मोबाइलमधला तो जो 0.5 वाला कॅमेरा आहे तो उलटं करतो, पाणी लांब गेल्यासारखं दाखवतो. म्हणून साध्या 1 वरच काढावा, आणि दरवेळी तेच. ज्यांच्याकडे मोठे कॅमेरे आहेत त्यांना एक सांगते, वाहत्या पाण्याचा शटर बराच वेळ उघडा ठेवून काढलेला तो रेशमासारखा गुळगुळीत फोटो पुराच्या वेळी काढूच नये. दिसायला सुंदर असतो पण त्यात पाण्याचा जोर पुसला जातो, खळाळ जातो, भोवरे जातात, वाहून येणारी खुर्ची, गादी, सिलिंडर सगळं धुरासारखं होऊन जातं. पुराचं पाणी कसं आहे हे दाखवायचं असेल तर 1/500 किंवा त्याहून वेगात काढा, मग पुलाच्या खांबाच्या वरच्या अंगाला पाणी कसं फुगतं आणि खालच्या अंगाला कसा खड्डा पडतो ते दिसतं, आणि तेवढ्यावरून वेगाचा अंदाज येतो. पावसात फ्लॅश बंद, नाहीतर समोरचे थेंबच पांढरे चमकतात आणि मागचं काही येत नाही. लेन्स सुती फडक्याने पुसा, पदराने चालतं, ओल्या बोटाने नाही.

पाठवतानाची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. मोबाइलने फोटो काढला की त्याच्या आत तारीख, वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा नोंदली जाते. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की ही सगळी माहिती गळून जाते, आणि फोटोही बारीक होतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर माहिती टिकते. हे जमत नसेल तर सरळ खाली लिहा, सकाळी 9:40, अमुक सोसायटी, मागचं गेट. चार शब्द लिहायला किती वेळ लागतो? हे चार शब्द नसल्यामुळेच 2019 चे व्हिडिओ अजून फिरतायत. 31 जुलै 2019 ला एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हाचा रस्त्यावरच्या पाण्यात कुत्र्यावर झडप घालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ दर पावसाळ्यात आत्ताचा म्हणून येतो, आणि मग मुंबईहून, अमेरिकेहून पोरांचे फोन, आई तू बरी आहेस ना. त्या घाबरलेल्या पोरांना दोष नाही देत मी. पण ज्या दिवशी खरंच पाणी दारात येतं त्या दिवशी मग खऱ्या फोटोवरही कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणतात जुना असेल.

त्याच 2019 च्या पुरातला एक फोटो मात्र मला फार मोठा वाटतो, आपल्या पेपरातही आला असेल. विश्वामित्री स्टेशनजवळच्या वस्तीत गळ्याएवढ्या पाण्यातून एक पीएसआय साहेब प्लॅस्टिकच्या टबमधे तान्ही मुलगी ठेवून तो टब डोक्यावर धरून चाललेत. त्या फोटोत पाणी किती ते कळतं, कारण माणूस आहे. काम काय चाललंय ते कळतं. आणि ज्याचा फोटो आहे त्याची मान वर राहते. बाकी जे फोटो येतात, बोटीतून उतरवतानाच्या आजी, अंगावरचे कपडे भिजलेले, केस सुटलेले, चेहऱ्यावर काय चाललंय ते बघवत नाही, ते काढणाऱ्याने एकदा स्वतःच्या आईला त्या जागी बसवून बघावं. झोपडपट्टीतल्या माणसाला तर कुणी विचारतच नाही की तुझा फोटो काढू का. आधी हात द्यावा, मग विचारावं, आणि नको म्हणाला तर नाही काढायचा. ड्रोनवाल्यांनाही हेच, बचावाचं काम चालू असताना हौसेने ड्रोन उडवू नका, त्या कामात अडथळा होतो आणि परवानगीशिवाय ते चालतही नाही.

पूर ओसरल्यावरचा फोटो हा सगळ्यात जास्त राहून जातो. पाणी उतरलं की घरात चिखल असतो, वास असतो, सगळ्यांना आधी धुवायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण पाइप लावायच्या आधी दहा मिनिटं द्या. भिंतीवर पाण्याने एक रेघ सोडलेली असते, खाली मातकट आणि वर कोरडी, कुठे कुठे त्या रेघेवर गवताच्या काड्या आणि मुंग्या चिकटलेल्या असतात. त्या रेघेला शेजारी शिंप्याची टेप किंवा स्टीलची टेप उभी धरून फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे. गाडीचा नंबर प्लेटसकट काढा, आतल्या सीटपर्यंत पाणी आलं ते काढा, आणि गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली तर इंजिन कायमचं जातं आणि मग विम्यावाले हात वर करतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, धान्याचे डबे, मुलांची पुस्तकं, सगळं फेकायच्या आधी एकेक फोटो. सर्वेला माणसं येतात तेव्हा घर धुतलेलं असतं, त्यांना काय दाखवणार? आमच्या मागच्या बेनचं शिवणयंत्र गेलं, पोटाचं साधन होतं ते, आणि भंगारवाल्याकडे गेल्यावर लक्षात आलं की फोटोच नाही.

माझी मावसबहीण सांगलीला असते. तिच्याकडे आयर्विन पुलाचे आकडे पोरासोरांना तोंडपाठ, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्याचे 39 आणि 43 तसेच पाठ. आमच्याकडेही काळ्या घोड्याचे 26 पाठ आहेत, पण तिच्याकडे लोक पुढचंही सांगतात, इतके फूट झाले की अमक्या चौकात पाणी, इतके झाले की तमक्या गल्लीत. हे सांगणारी म्हातारी माणसं बडोद्यातही होती, दांडियाबाजारात होती, रावपुऱ्यात होती. आता लोक लांब लांब सोसायट्यांमधे राहायला गेले, नव्या सोसायटीत पहिल्यांदाच पूर बघणारी माणसं आहेत, त्यांना सांगणारं कुणी नाही. 2024 नंतर नदी खोल आणि रुंद करायचं काम झालं, 2025 च्या उन्हाळ्यात रात्रंदिवस मशिनं चालू होती, त्यामुळे जुने हिशोबही आता थोडे बदलणारच. पूर्वी 24 ला जिथे पाणी यायचं तिथे आता कदाचित येणार नाही, कदाचित दुसरीकडे येईल. कामाचा उपयोग झाला की नाही हे भाषणांवरून नाही ठरणार, त्याच खांबाचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की ठरेल.

तेव्हा विनंती अशी. पावसाळ्यात आपण नदीची पातळी छापताच, त्याच्या शेजारी रोज एक वाचकाचा फोटो छापा, घरातून काढलेला, खाली जागा, वेळ आणि त्या वेळचा काळ्या घोड्याचा आकडा. सुंदर नसला तरी चालेल. पुलावरून, पाण्यात उतरून, कठड्यावर चढून काढलेला फोटो कितीही भारी असला तरी छापणार नाही असं स्पष्ट लिहा, एवढ्याने निम्मी पोरं घरी बसतील. आलेले सगळे फोटो, न छापलेलेही, वर्षाप्रमाणे आणि भागाप्रमाणे ठेवा, आणि पावसाळा झाला की इंजिनिअरिंगच्या मुलांना, महापालिकेला, ज्याला हवे त्याला बघायला द्या. मराठी वाचकांनीच का, असं कुणी विचारेल, तर सगळ्यांनीच करावं, गुजराती पेपरांनीही करावं, पण कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि नदीच्या आसपासच्या भागात आपली माणसं पिढ्यान् पिढ्या राहतायत.

आणि जुने फोटोही मागवा. आमच्या वडिलांच्या अल्बममधे एक आहे, रस्त्यावर पाणी, एक सायकल हातात धरून चाललेला माणूस, मागे दुकानाची पाटी अर्धी. घरात कुणी म्हणतं सत्तर सालचा, कुणी म्हणतं त्याच्याही नंतरचा, विचारायला वडील नाहीत. 1927 ला अख्ख्या गुजरातेत मोठा पूर आला होता, तेव्हापासूनचे फोटो कुणाच्या ना कुणाच्या पेटीत, माळ्यावर असणार, आणि नेमके माळ्यावरचे वाचतात, खालच्या कपाटातले अल्बम 2024 च्या पाण्यात गेले. ज्यांच्याकडे असतील त्यांना सांगा, फोटो अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात, आहे तसाच खिडकीच्या उजेडात मोबाइलने काढून पाठवा, आणि सुटा असेल तर मागच्या बाजूचाही काढून पाठवा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेली तारीख बऱ्याचदा तिथेच असते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
बडोदा